कॅनडातला हिवाळा संपल्यावर महागडी गाडी आतून-बाहेरून कशी धुवावी

ओंटारिओत आलेली आपली मंडळी जरा स्थिरावली की बऱ्याचदा एखादी वापरलेली बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीज घेतात. गाडी धुण्याची आपली ओळख मात्र पुण्या-मुंबईतली असते: सकाळी येणारा गाडी पुसणारा, एक बादली पाणी आणि एक फडकं. इथला हिवाळा काढलेल्या गाडीला ती पद्धत लावली तर रंगावर कायमचे ओरखडे पडतात. खरी घाण जिथे बसलेली असते तिथे तर फडकं पोहोचतसुद्धा नाही.

ही घाण म्हणजे मीठ. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. साध्या खडेमिठाचा परिणाम उणे दहा अंशांच्या आसपास मंदावतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची भर घालतात. ही दोन्ही रसायनं हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे गाडीच्या तळाला चिकटलेला थर धड सुकतच नाही. गंज थंडीत हळू चालतो आणि ऊब मिळाली की वेग धरतो. म्हणजे गाडीला सगळ्यात जास्त धोका जानेवारीत नसून एप्रिल-मेमध्ये असतो, जेव्हा बर्फ गेलेला असतो, मीठ तसंच असतं आणि हवा तापू लागते. कॉन्डोच्या (म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या) तळघरातल्या उबदार पार्किंगमध्ये गाडी लावत असाल तर हा त्रास भर हिवाळ्यातही चालू असतो.

म्हणून माझं सांगणं असं: वसंतातल्या सफाईचा पहिला हेतू मीठ काढणं हा आहे, चमक नंतर. आधी तळ आणि चाकं, मग वरचा रंग. अनेक जण बॉनेटपासून सुरुवात करतात, वॅक्स लावतात, फोटो काढतात आणि तळ तसाच राहतो.

कधी करायचं

दोन टप्पे करा. बर्फ वितळायला लागून दिवसाचं तापमान शून्याच्या बऱ्यापैकी वर गेलं की लगेच तळ धुऊन घ्या, त्यासाठी थांबू नका. बाकीची सविस्तर सफाई मात्र रात्रीसुद्धा पारा शून्याखाली जाणं थांबल्यावर करा. नाहीतर दारांच्या रबरात राहिलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी दार ओढताना रबर फाटतं. टोरंटोच्या परिसरात एप्रिलमध्येही बर्फ पडू शकतो, त्यामुळे एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा हा खात्रीचा काळ.

काही घरांत पाडव्याला गाडी धुऊन हार घालायची रीत असते. पाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो, म्हणजे इथला हिवाळा अजून पुरता गेलेला नसतो. त्या दिवशी साधी धुलाई करा, मोठं काम नंतरसाठी ठेवा. कुंकवाचं स्वस्तिक गाडीच्या रंगावर न काढता काचेच्या कोपऱ्यात काढा आणि त्याच संध्याकाळी पुसा. ओलं कुंकू पांढऱ्या रंगावर आणि क्रोमच्या कडांवर डाग धरतं.

कुठे करायचं, हाही प्रश्न असतो. स्वतःचा ड्राइव्हवे असला तरी तिथलं साबणपाणी रस्त्याकडेच्या जाळीतून जातं आणि बहुतेक ठिकाणी शुद्ध न होताच ओढ्यात आणि पुढे तळ्यात मिळतं. त्यामुळे आपल्या शहराचा नियम आधी बघा. कॉन्डोत राहणाऱ्यांना तर पाइप लावायची सोयच नसते. दोघांसाठीही सर्वात सोपं म्हणजे नाणी टाकून वापरायचे स्वयंसेवा धुलाईचे गाळे. तिथे प्रेशर वॉशर मिळतो आणि सांडपाण्याची सोय केलेली असते.

जवळ काय हवं

– गाडीचं मॅन्युअल. नव्या गाड्यांत ते स्क्रीनमध्येच असतं. धुलाई, टायर आणि जॅकची पानं आधी वाचा.
– चाकाच्या लॉक नटची (चोरी टाळण्यासाठीच्या खास नटची) चावी. ती बहुधा डिकीत हत्यारांच्या खणात असते. ती नसेल तर टायरवाल्याला चाक काढणं अवघड जातं.
– गाडीवर सिरॅमिक लेप किंवा संरक्षक फिल्म बसवलेली असेल तर त्याची वॉरंटीची कागदं. कोणती रसायनं चालत नाहीत ते त्यात लिहिलेलं असतं.
– भाडेपट्ट्यावरची गाडी असेल तर तो करार. गाडी परत देताना कोणता ओरखडा किंवा डाग भरपाईत धरतात ते त्यातून कळतं.
– दोन बादल्या, तळाशी ठेवायची जाळी, कार शॅम्पू (न्यूट्रल पीएच लिहिलेला), धुण्याचा मायक्रोफायबर हातमोजा.
– मायक्रोफायबर फडकी भरपूर आणि वेगवेगळ्या रंगांची: चाकांसाठी एक, रंगासाठी दुसरा, काचांसाठी तिसरा. एकदा चाकाला लागलेलं फडकं पुन्हा कधीही रंगाला लावायचं नाही.
– डांबर काढायचं द्रावण, लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण, रबरी हातमोजे.
– पांढरं व्हिनेगर, मऊ ब्रश, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम. लेदर क्लीनर.

यातलं बहुतेक सगळं कॅनेडियन टायर या दुकानात मिळतं. घरातलं भांड्यांचं लिक्विड यादीत नाही, ते मुद्दाम. ते वॅक्स उतरवतं आणि रबर कोरडं पाडतं.

१. तळ

गाळ्यात गाडी नेली की आधी खालून फवारा मारा. चारही चाकांच्या वरच्या कमानी, पुढच्या-मागच्या बंपरच्या आतली कड, दारांखालची पट्टी, एक्झॉस्टभोवतीची जागा. घाई करू नका. खाली पडणारं पाणी आधी राखाडी असतं. ते स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवा.

महागड्या गाड्यांची इथे एक खास अडचण असते. आवाज आणि हवेचा रोध कमी करण्यासाठी तळाला मोठमोठी आवरणं बसवलेली असतात आणि चाकाच्या कमानींना आतून नमद्यासारखं जाड कापड असतं. ही आवरणं लोखंडाला वाचवतात, पण त्यांच्या मागे खारट चिखल साचून राहतो आणि ते कापड आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. म्हणून कमानींवर फवारा सावकाश, पुन्हा पुन्हा फिरवा. पुढच्या तेलबदलाला गाडी वर्कशॉपमध्ये उचलतील तेव्हा आवरण उघडून आत पाणी मारायला सांगा. तेल बदलताना बऱ्याच गाड्यांचं आवरण तसंही काढावं लागतं, त्यामुळे ही विनंती अवाजवी नाही.

गाडीला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर ती धुण्यासाठी स्वतः जॅकवर चढवू नका. अशा बऱ्याच गाड्यांत उचलण्याआधी जॅक मोड चालू करावा लागतो. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली शिरणं तर कोणत्याच गाडीच्या बाबतीत करायचं नाही.

शरद ऋतूत तेलाचा गंजरोधक फवारा मारून घेतला असेल तर तळाला डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) लावू नका. नुसतं पाणी पुरतं. फवाऱ्याचं तेल तिथेच राहायला हवं.

२. चाकं आणि टायर

चाकं रंगाच्या आधी धुवायची, कारण तिथली काळी धूळ उडून दारांवर बसते. ही ब्रेकची धूळ असते, तीत लोखंडाचे कण असतात. लोखंड विरघळवणारं द्रावण मारलं की ते जांभळं होत ओघळतं आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. घाबरू नका, ते काम करतंय. फक्त चाक थंड असू द्या आणि द्रावण सुकायच्या आत धुवा. आम्लयुक्त व्हील क्लीनर घेऊ नका. काळजी न घेता वापरलं तर ते चाकाचा लेप खातं आणि कार्बन-सिरॅमिक ब्रेकजवळ तर ते नेऊच नये.

धुतल्यावर ब्रेकच्या चकतीवर केशरी गंज दिसतो. तो वरवरचा असतो. गाडी लगेच उभी करून ठेवण्याऐवजी थोडी चालवा, हलके ब्रेक मारा, म्हणजे चकती सुकते आणि साफ होते.

हिवाळी टायर उतरवायची वेळही हीच. दिवस-रात्र तापमान ७ अंशांच्या वर टिकलं की हिवाळी टायरचं मऊ रबर फुकट झिजतं. उतरलेली चाकं आतल्या बाजूनं धुऊन, पूर्ण सुकवून, पिशवीत घालून थंड अंधाऱ्या जागी ठेवा. आतली बाजू एरवी कधीच हाताला लागत नाही, ही संधी सोडू नका. प्रत्येक टायरवर खडूनं जागा लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, अदलाबदल चालत नाही. टायरवरच्या नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर पुढच्या थंडीसाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही.

३. रंगाला हात लावण्याआधी पाणी

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. हिवाळ्यानंतर त्यावर वाळू आणि मिठाचे खडे बसलेले असतात. त्यावरून ओलं फडकं फिरवणं म्हणजे बारीक खरकागद फिरवणं.

त्यामुळे आधी भरपूर पाणी, वरून खाली. मग शॅम्पूचा फेस मारून काही मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. पुन्हा पाणी. इथवर हात लागलेला नाही आणि निम्म्याहून जास्त घाण गेलेली असते. प्रेशर वॉशरचं तोंड रंगापासून हातभर लांब ठेवा. पार्किंग सेन्सर, कॅमेरे, रंग उडालेल्या जागा आणि फिल्मच्या कडा यांवर थेट झोत नको. अनेक मर्सिडीजमध्ये समोरच्या ताऱ्याच्या चिन्हामागे पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या यंत्रणेचा रडार असतो. हिवाळ्यात ती यंत्रणा बंद पडल्याचा संदेश येत असेल तर बहुधा तिथला मिठाचा थरच कारण असतो. तो भाग मऊ फडक्यानं, पाण्यानं साफ करा.

मग दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून घ्या, मगच पुन्हा शॅम्पूत. छतापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग शेवटी. गोल गोल न घासता सरळ रेषेत. काम सावलीत करा. सुकवताना मोठं मायक्रोफायबर टॉवेल पसरून ओढा.

अनेक गाळ्यांत लांब दांड्याचा फेसाचा ब्रश टांगलेला असतो. त्याला हात लावू नका. तुमच्या आधी कुणीतरी त्यानं ट्रकची चाकं घासलेली असू शकतात.

स्वयंचलित धुलाईचं काय, असं बरेच जण विचारतात. फिरत्या ब्रशची नकोच. बिनस्पर्शाची हिवाळ्यात अधूनमधून चालते, पण ब्रशचं काम तिथे तीव्र रसायनांकडून करून घेतात. युरोपीय गाड्यांच्या खिडक्यांभोवती जी चंदेरी अॅल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर अशा अल्कधर्मी रसायनांनी दुधाळ पांढरे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. वसंतातली मुख्य धुलाई तरी हातानेच करा.

४. डांबर आणि लोखंडाचे ठिपके

धुऊन झाल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून हलकेच फिरवा. खरखर जाणवली तर कण रुतलेले आहेत. दारांखालच्या काळ्या ठिपक्यांना डांबराचं द्रावण लावा, मिनिटभर थांबून पुसा. हलक्या रंगाच्या गाडीवर बारीक केशरी ठिपके दिसत असतील तर तो रुतलेला लोखंडाचा कण असतो. तिथे चाकांसाठी वापरलेलं द्रावण चालतं, मात्र बाटलीवर तसं लिहिलेलं आहे ना ते बघा. त्यानंतरही खरखर राहिली तरच क्ले (रुतलेले कण ओढून घेणारी मऊ वडी), तेही भरपूर वंगण फवारून आणि दाब न देता.

मॅट (बिनचमकीच्या) रंगाच्या गाडीला क्ले, पॉलिश, वॅक्स यांतलं काहीही लावायचं नाही. मॅटचा एक भाग चमकायला लागला की तो परत मॅट होत नाही, पॅनेल नव्यानं रंगवावं लागतं. आणि पॉलिशचं यंत्र नवख्यानं महागड्या गाडीवर शिकू नये, असं माझं ठाम मत आहे. ते काम जाणकाराला द्या.

बॉनेटच्या पुढच्या कडेला खडे लागून रंग उडालेला असेल तर टच-अप रंग आताच लावा. रंगाचा क्रमांक दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा डिकीत चिकटवलेल्या पट्टीवर मिळतो.

५. दारांच्या फटी आणि पाणी जायच्या वाटा

दारं, डिकी, बॉनेट उघडून कडा ओल्या फडक्यानं पुसा. दारांच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी निघून जायला हवं, चिखलानं बुजली असतील तर लाकडी काडीनं मोकळी करा. काचेखालच्या खाचेतली पानं वेचून काढा. रबरांना सिलिकॉनचं रबर कंडिशनर लावा.

सनरूफ असेल तर तो उघडून कोपऱ्यातल्या खाचेत अर्धा कप पाणी सावकाश ओता. ते गाडीखाली उतरलं पाहिजे. तुंबलं तर वाट बुजली आहे. जोराची हवा मारून ती मोकळी करू नका, नळी सांध्यातून निसटते आणि मग पाणी छताच्या अस्तरात जातं. बीएमडब्ल्यूसारख्या अनेक गाड्यांत बॅटरी डिकीच्या तळात असते आणि बऱ्याच महागड्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पेट्या सीटखाली किंवा कार्पेटखाली असतात. आत शिरलेलं पाणी इथे दुचाकीच्या किमतीचं बिल काढू शकतं. म्हणून डिकीचं खालचं झाकण उचलून हात घालून बघा, कोरडं आहे का.

६. कार्पेट

आतलं काम वेगळ्या दिवशी ठेवा, ऊन आणि कोरडी हवा असलेल्या. पायाखालच्या मॅट बाहेर काढा. कार्पेटवर पांढरे वळसे दिसतील, ते बुटांबरोबर आलेलं मीठ. आधी सुकं असतानाच ब्रशनं झटकून व्हॅक्यूम करा. बरंचसं मीठ असंच निघतं, आणि थेट पाणी ओतलं तर तेच विरघळून खाली उतरतं.

उरलेल्या डागाला कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं मिसळून हलकं फवारा. काही मिनिटांनी कोरड्या फडक्यानं दाबून टिपा, घासू नका. पुन्हा फवारा, पुन्हा टिपा. शेवटी साधं पाणी फवारून ओल्या व्हॅक्यूमनं ओढा. लोकरी मॅट असतील तर आधी कोपऱ्यात करून बघा.

पाणी कमी वापरा, हे पुन्हा सांगतो. या गाड्यांच्या कार्पेटखाली आवाज अडवणारा जाड फोम असतो. तो वरून सुकला तरी आत ओला राहतो, मग बुरशीचा वास आणि वायरींना गंज. काम झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवा, किंवा हीटर आणि एसी दोन्ही चालू ठेवून गाडी फिरवा. एसी हवेतली ओल काढतो. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना ओढू नका.

७. सीट, लेदर आणि हळद

आजच्या गाड्यांतल्या बहुतेक लेदरवर रंगाचा आणि पारदर्शक संरक्षक लेप असतो. त्यामुळे तेल पाजून ते मऊ होतं हा समज सोडा. त्याला स्वच्छता हवी. सीट चमकत असेल तर ती मळलेली आहे. स्वच्छ लेदर मंद दिसतं. क्लीनर ब्रशवर घ्या, सीटवर नाही, विशेषतः हवा फेकणाऱ्या भोकांच्या सीटवर, कारण आत पंखा आणि वायरी असतात. हलक्या हातानं फेस करा, ओल्या फडक्यानं पुसा. मर्सिडीजचं आर्टिको किंवा बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक हे कृत्रिम असतं, त्यालाही हीच पद्धत. अल्कांटारा (मखमलीसारखं दिसणारं कृत्रिम कापड) असेल तर लेदर क्लीनर चालत नाही. किंचित ओलं फडकं आणि मऊ ब्रश एवढंच.

आता आपल्या घरचा प्रश्न: डब्यातलं वरण किंवा पोह्यांचं तेल क्रीम रंगाच्या सीटवर सांडलं. हळदीला खायचा सोडा किंवा साबण लावू नका, अल्कधर्मी पदार्थानं ती लाल होते आणि डाग मोठा दिसतो. आधी लेदर क्लीनरनं तेल काढा, पुसून घ्या. जो पिवळा उरेल तो उन्हात फिका पडतो, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. मे महिन्यात त्या सीटवर ऊन पडेल अशी गाडी लावा आणि काही दिवस वाट बघा. घासून लेदरचा लेप घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

८. काचा, स्क्रीन, काळं चकचकीत प्लास्टिक

काचेला आतून हिवाळाभर ब्लोअरचा धुरकट थर चढतो. दोन फडकी घ्या, एक किंचित ओलं, एक कोरडं. स्क्रीनला अमोनियाचं क्लीनर नको. गियरभोवतीचं पियानोसारखं काळं प्लास्टिक कोरडं पुसलं की ओरखडे पडतात. आधी धूळ फुंकून किंवा मऊ ब्रशनं उडवा, मग स्वच्छ ओलं मायक्रोफायबर.

९. सगळ्यात शेवटी लेप

गाडी पूर्ण सुकल्यावर, थंड पत्र्यावर वॅक्स, सीलंट किंवा स्प्रे सिरॅमिक यांपैकी काहीही एक. सुरुवातीला स्प्रे सीलंट सोपा. एका वेळी एक पॅनेल, लगेच पुसून टाका. आधीपासून सिरॅमिक लेप असेल तर त्याच कंपनीनं सुचवलेलंच लावा.

त्याच दिवशी ही किरकोळ कामंही उरकून घ्या. केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारा) काढून बघा. थंडीत उबेला आलेले उंदीर तिथे घरटं करतात. वायपरच्या रबराला चीर असेल तर बदला. काच धुण्याचं हिवाळी द्रावण संपत आलं असेल तर उन्हाळी भरा, किडे तेच काढतं. आणि चाकं बदलली असतील तर साधारण १०० किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा ठराविक जोरानं आवळून घ्या. टायरवाले हे काम बहुधा फुकट करतात, फक्त परत तिथे जायची आठवण आपल्याला ठेवावी लागते.